तेहतिसावरची दुपार

४ सप्टेंबर

चि. भोंगा,

अनेक आशीर्वाद. त्यांतले थोडे पार्सल बांधणाऱ्यासाठी बाजूला काढले होते, पण त्याने ते कसं बांधलंय ते पाहून परत घेतले. चिकटपट्टी कापता कापता माझी भाजीची सुरी बोथट झाली. आत गाण्यांच्या दोन मोठ्या तबकड्या आणि तुझी चिठ्ठी निघाली. तबकड्या धड आहेत. चिठ्ठीत तू नेहमीप्रमाणे कोंबडीचे पाय काढले आहेस.

त्यातून मला समजलं ते असं. बँडला रामराम ठोकून तू एकट्याने अल्बम केलास, त्याचं नाव 'दुपार'. बँडवाले म्हणतात, झालं ते झालं, परत ये, नोव्हेंबरात दौरा निघतो, ऑक्टोबर संपायच्या आत काय ते सांग. आणि तू मला लिहितोस, "आत्या, ऐक आणि खरं सांग. तू बरं म्हणालीस तर एकटा गाईन. नाहीतर मुकाट्याने परत जाईन."

शाळेत असताना निळा सदरा घालू की पांढरा, हे तू मला रोज सकाळी विचारायचास. चाळिशी उलटल्यावर हे थांबलं असेल असं मी धरून चालले होते.

ऐकते आहे. घाईने मत देणार नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जिने आयुष्य काढलं तिला कानांना पळवता येत नाही. पण कव्हरचं मत आत्ताच देते. राखाडी कागदावर राखाडी अक्षरं छापायची कल्पना कोणाची? तबकडीच्या मधल्या चकतीवरही तेच. जे वाचायचं नाही ते छापावं कशाला? त्या माणसाला माझ्याकडे पाठव, चष्म्यासकट.

येत्या रविवारी मंडळात 'दुपार'वर खल आहे. बूटवाल्यांच्या दुकानामागच्या खोलीत तुमच्या बँडच्या चाहत्यांचं मंडळ भरतं आणि मी तिथे जाते, हे तुला माहीत आहेच. मी तुझी आत्या आहे हे तिथे कोणाला माहीत नाही आणि कळताही कामा नये, नाहीतर सगळे गोडगोड बोलायला लागतील. तिथे मी 'एक्स्चेंजबाई' आणि तू 'वादळ'. वादळ म्हणे. सर्दी झाली की कानटोपी घालून वाफारा घेत बसणारं वादळ मी या हातांनी वाढवलं आहे. त्यांच्यापुढे मी तोंड मिटून बसते, यालाच संयम म्हणत असावेत.

फोन करू नकोस. फोनवर तू शब्द चघळतोस.

तुझी
आत्या

१२ सप्टेंबर

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. गुडघा दुखतो आहे, तेव्हा सध्या आठातली सहाच अंगं टेकली आहेत असं समज.

"ऐकते आहे." बस, एवढंच? शाळेच्या कार्यक्रमात पहिल्यांदा गायलो तेव्हा आपण फाटकाबाहेर पडायच्या आत तू मला सांगितलं होतंस की दुसऱ्या कडव्यात मी घसरलो. बँडच्या पहिल्या कार्यक्रमानंतर म्हणालीस, "दोन वाद्यं जास्त आहेत आणि एक सदरा कमी." त्या रात्री मला फार बरी झोप लागली होती. तू बोललीस की मला जमीन लागते. तू गप्प बसलीस की मात्र मी दिवसभर सदरे बदलत बसतो.

बाकीचे काही गप्प नाहीत. एका गृहस्थांनी बँडचा टी-शर्ट धुऊन, कडक इस्त्री करून मला परत पाठवला. कॉलेजातल्या एका मुलीने लिहिलं की माझी गाणी आता तिच्या आईलाही आवडायला लागली आहेत, त्यामुळे ती माझी रजा घेते. एकाने लिहिलं, "वादळ गेलं, पंखा उरला." हे मला इतकं आवडलं की मी ते आरशाला चिकटवलं आहे. एका बापाने लिहिलं की या गाण्यांनी त्याचं तान्हं बाळ झोपतं. माझे आभार मानावेत की माझं सांत्वन करावं हे त्याला ठरवता येत नाही. आणि एक नर्स आहे, ती लिहिते की रात्रपाळी संपवून घरी जाताना ती सहावं गाणं लावते, आणि घर आलं तरी गाडीत बसून राहते.

आमचा ड्रमर हातोडा परवा येऊन गेला. मी गाणी लावली तर पूर्ण वेळ बोटांनी गुडघ्यावर ठेका धरून बसला होता. जे ड्रम मी ठेवले नाहीत ते सगळे त्याने वाजवून घेतले. जाताना म्हणाला, "ये रे परत." त्याच्या या तीन शब्दांनी टी-शर्टवाल्यापेक्षा जास्त त्रास दिला.

म्हणून विचारतो, रागावली आहेस का? तू नको म्हणाली होतीस तरी दोनदा फोन केला. उचलला नाहीस.

तुझा
भोंगा (हे कोणाला दाखवू नकोस, वादळाची अब्रू जाईल)

२१ सप्टेंबर

चि. भोंगा,

मी रागावले असते तर तुला विचारावं लागलं नसतं. फोन वाजला तेव्हा मी न्हाणीघरात होते. दोन्ही वेळा. माणसाने स्वच्छ असू नये का?

आता मंडळाचं ऐक. तुझ्यावर दीड तास खल झाला. दंतवैद्य म्हणाले की सगळी गाणी हलकीफुलकी आहेत, दाढ काढताना लावायला उत्तम, पेशंट पाय हलवत बसेल. ज्या गाण्यांनी त्यांची तरुणपणी झोप उडवली त्यांचा गायक असा बागेत फिरायला निघाल्यासारखा गातो, याचं त्यांना वाईट वाटतं. बसवाली, म्हणजे शहर बस चालवते ती, म्हणाली की तिला आवडलं. ती अख्खी फेरी गुणगुणत होती आणि एकदाही हॉर्न वाजवला नाही. दंतवैद्य म्हणाले, "मग त्यापेक्षा हॉर्नच बरा." बसवाली म्हणाली, "तुम्ही चालत जात जा." बूटवाले अध्यक्ष असल्यामुळे त्यांना दोघांचं पटतं. त्यांचं म्हणणं, नवा बूट आधी चावतोच, दोन महिने घालू द्या.

मग त्यांनी पुरावा म्हणून मोबाइलवर गाणं लावलं. भोंग्या, काय तो मोबाइल. डब्यात चिमणी कोंडावी तशी नुसती चिवचिव. मी म्हटलं, हे यंत्र बंद करा, माणसाचा अपमान होतो आहे.

आणि मग माझा संयम संपला. मी म्हटलं, "हलकंफुलकं? तुम्ही नक्की काय ऐकलंत? एक माणूस शब्दाशब्दाला पाय ओढत, थांबत, मागे बघत चालला आहे आणि तुम्ही म्हणता बागेत फिरायला." दंतवैद्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू काही मी अक्कलदाढ आहे आणि चुकीच्या जागी उगवले आहे.

तुला दोन गोष्टी मात्र सांगायच्या आहेत. तुझा आवाज खाली गेला आहे. बराच खाली. आणि दुसऱ्या गाण्यात दोन ओळींच्या मध्ये तो हुंदका कशाला? आमच्या शाळेत प्रार्थनागीतं बसवणाऱ्या सिस्टर म्हणायच्या, रडायचं असेल तर गाणं संपवून, रांगेतून बाहेर येऊन रडावं. मधेच रडलं की शेजारणीचा सूर जातो. तुझ्या शेजारी कोणी नाही हे मान्य, पण शिस्त ती शिस्त.

मत अजून दिलेलं नाही. ऐकते आहे.

तुझी
आत्या

२९ सप्टेंबर

ती. आत्या,

नमस्कार. तुझं पत्र वाचलं आणि सरळ घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नाकातून नळी घालून सगळं पाहिलं. म्हणाले, "घसा उत्तम आहे. माणूस घाबरट आहे, पण तो माझा विषय नाही."

तरी डोक्यातून जात नाही. आवाज खाली गेला हे तू म्हणतेस म्हणजे गेला असणार. डॉक्टरांनी घसा पाहिला, तू ऐकलंस. "पाय ओढत" हे तर मी चार वेळा वाचलं. आत्या, मला वाटत होतं की मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोकळा गायलो. ड्रमच्या भिंतीवरून ओरडायचं नव्हतं, कोणाला ओलांडायचं नव्हतं. घरात अनवाणी फिरावं तसं गायलो होतो. ऐकणाऱ्याला ते पाय ओढणं वाटत असेल तर मग माझ्याच कानांवर विश्वास कसा ठेवू?

हुंदका कुठला ते कळलं नाही. मी दिलेला आठवत नाही. पण तुला ऐकू आला म्हणजे आला असेल. माणूस नकळत घोरतो, तसा नकळत रडतही असेल.

काल हातोड्याला सांगितलं की बहुतेक येतो. त्याला इतका आनंद झाला की त्याने माझ्या स्वयंपाकघरातलं पातेलं वाजवलं, आणि मला कसंनुसं झालं. अजून नक्की म्हटलेलं नाही. तुझं एक वाक्य आलं की नक्की करतो. एकच वाक्य पाठव. तुला ते सहज जमतं.

तुझा
भोंगा

६ ऑक्टोबर

मूर्खा,

आशीर्वाद शेवटी देईन, उरले तर.

आवाज खाली गेला ही मी तक्रार केली असं तुला कोणी सांगितलं? नाकात नळ्या घालून घ्यायच्या आधी एक पत्र टाकता येत नव्हतं? तुला एखादी गोष्ट सरळ सांगायचीही सोय नाही.

सरळच सांगते, कारण नाही सांगितलं तर तू आणखी कुठे नळी घालून घेशील. पहिल्या दिवशी मी तबकडी लावली आणि टेबल पुसायला घेतलं. पहिली ओळ आली आणि माझा हात थांबला. तुझा बाबा गात होता. तोच भरलेला, जाड आवाज. शब्दाच्या शेवटी किंचित विसावणारा. दाढी करताना तो असाच गायचा, गालावर साबण तसाच ठेवून, आणि मी बाहेरून दार वाजवायचे की बाकीच्यांनाही कामावर जायचं आहे. तो गेला तेव्हा तू पहिलीत होतास. त्याचा फोटो आहे, घड्याळ आहे, हा रेकॉर्ड प्लेअरही त्याचाच. आवाज तेवढा कुठे उरला नव्हता. तेव्हा कोण कोणाचा आवाज साठवून ठेवत होतं? मी दिवसभर दुसऱ्यांचे आवाज जोडून द्यायचे आणि माझ्या भावाचा एकही माझ्याकडे नव्हता.

म्हणून रोज जेवण झालं की लावते. शब्द न् शब्द स्पष्ट कळतो. हल्ली सगळं जग पुटपुटतं, दूधवाला पुटपुटतो, बँकेतली मुलगी पुटपुटते, एक तू तेवढा सरळ बोलतोस. शेवटचं गाणं लागलं की चहा करायला उठते. चहा होतो, पिऊन होतो, कप विसळून होतो, आणि तू अजून शेवटच्या कडव्यातच असतोस. इतकी सबुरी तुझ्यात कुठून आली याचं नवल वाटतं. तू तर जेवणही उभ्याने करायचास.

आता समजलं मत का देत नाही? तू मला तुझ्या गाण्याचं विचारतोस आणि मला भाऊ ऐकू येतो. अशा कानांनी न्याय होत नाही. आणि तुला खोटं सांगायची मला सवय नाही.

मंडळाचं मासिक पत्रक निघालं. 'एक ज्येष्ठ चाहती' या नावाने मी त्यात लिहिलं आहे, प्रत सोबत आहे. शेवटचं वाक्य मला विशेष बरं साधलं आहे: "ज्यांना ही गाणी उडती वाटतात, त्यांनी कान तपासून घ्यावेत."

हातोड्याला काही नक्की सांगू नकोस. उरलेले आशीर्वाद.

तुझी
आत्या

१३ ऑक्टोबर

ती. आत्या,

बसून वाच. खरंच बस. चहा चुलीवर असेल तर आधी बंद कर.

शेवटचं गाणं आठ मिनिटांचंही नाही. तेवढ्यात तुझा चहा जेमतेम होतो, कप कुठून विसळून होईल? तुझं पत्र मी दोनदा वाचलं, मग पाय ओढणं आठवलं, मग हुंदका आठवला, आणि मी स्टुडिओच्या जमिनीवर बसून इतका हसलो की बाहेरून माणूस विचारायला आला.

आत्या, 'दुपार' मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या वेगावर ऐकायचा आहे. तबकडी मोठी असली तरी. आवाज जास्त स्वच्छ येतो म्हणून आम्ही तशी काढली, मग एकीत मावेना, म्हणून दोन झाल्या. मोठी तबकडी म्हणजे तेहतीस, हे तुझ्या पिढीला कोणी सांगायची गरज नव्हती, म्हणून तू तेहतिसावर लावलीस. वेग कमी झाला की गाणं लांबतं आणि आवाज जाड होतो. वेग चकतीवर छापलेला आहे. राखाडीत राखाडी. त्या माणसाला मी तुझ्याकडे पाठवतोच आहे. बाबांच्या प्लेअरला उजव्या हाताला एक खटका आहे, तो एक घर पुढे सरकव.

आणि तो हुंदका नाही. गाताना माझ्या खुर्चीने कुरकूर केली आणि मला हसू फुटलं. ते हसू आहे. आम्ही ते काढायचं विसरलो आणि मग मुद्दाम ठेवलं.

हसून झाल्यावर मी दार लावलं आणि माझीच तबकडी तेहतिसावर लावली. तुला कधी सांगितलं नव्हतं, मला बाबांचा आवाज आठवत नाही. हात आठवतात, बूट काढताना भिंतीला टेकायचे ते आठवतं. आवाज नाही. आठवतोय असं मी लहानपणी तुला सांगायचो, कारण नाही म्हटलं की तुझा चेहरा उतरायचा. काल पहिल्यांदा ऐकला. दोन्ही तबकड्या पूर्ण ऐकल्या. बाबा चांगले गातात. तिसऱ्या गाण्यात जरा घसरतात, पण ते घरातच आहे.

आता एक विचारतो, रागावलीस तरी चालेल. समोरच्याने नुसता श्वास घेतला की कोणता साहेब लाइनवर आहे ते तू सांगायचीस. हे तुझ्या कानांतून निसटलं कसं? आणि फोन वाजतो तेव्हा तू नेहमी न्हाणीघरातच कशी असतेस?

तुझा
भोंगा

१९ ऑक्टोबर

चि. भोंगा,

भिंग घेऊन पाहिलं. सापडलं. धुक्यात राखाडी मांजर बसावं तसा तो आकडा तिथे बसला आहे. तुमच्या त्या माणसाला पाठवू नकोस. त्याचा जीव मला हवा आहे असं नाही, पण सुरी आता धार लावून आणली आहे.

पत्रक वाटून झालेलं. रविवारी मला सर्दी होऊ शकली असती. पण आपण लिहिलेलं आपण निस्तरावं, म्हणून गेले. उभी राहिले आणि म्हटलं, "ज्येष्ठ चाहती मीच. मी महिनाभर तबकडी चुकीच्या वेगाने ऐकली. दंतवैद्यांचं बरोबर होतं, ही गाणी चालीला उडती आहेत." दंतवैद्य इतके हसले की त्यांच्या सगळ्या दाढा मला दिसल्या. एक भरायची राहिली आहे, तसं मी त्यांना सांगितलं.

बसवाली तेवढी हसली नाही. म्हणाली, "पण बाई, एवढं भांडलात म्हणजे तुम्हाला त्यात काहीतरी ऐकू आलं असणार." तिला खोटं सांगता येईना. मी म्हटलं, "माझा भाऊ. वादळाचा बाप." मग पुढचं सगळं बाहेर आलं. भोंगा मात्र नाही आला, तुझी तेवढी अब्रू राखली आहे.

बूटवाल्यांनी माळ्यावरून आपला जुना प्लेअर काढला, पुसला आणि 'दुपार' तेहतिसावर लावली. सगळ्यांनी ऐकली. पुढे दुकानात एक गिऱ्हाईक एका पायात बूट घालून तसंच उभं होतं, त्यानेही ऐकली. तेव्हापासून मंडळात दोन तट पडले आहेत, तेहतीसवाले आणि पंचेचाळीसवाले. दंतवैद्य तेहतीसवाल्यांत गेले. म्हणतात, आता कुठे गाण्याला मूळ आलं. बसवाली पंचेचाळीसवर ठाम आहे. तुमच्या बँडची कोणी आठवणसुद्धा काढली नाही, हे हातोड्याला सांगू नकोस, बिचारा पातेलं फोडेल.

आता तुझ्या प्रश्नाचं. घरी आल्यावर खटका पुढे केला आणि बरोबर वेगाने लावलं. सूर आले, शब्द गेले. दाराआड कोणीतरी बोलत असावं तसं. चिवचिव नव्हे, पण तिची धाकटी बहीण. तेव्हा कळलं की बूटवाल्यांचा मोबाइल निर्दोष होता. दूधवालाही. बारीक आवाज मला दोन वर्षांपासून सोडून गेले आहेत, जाड तेवढे राहिले आहेत. म्हणून तुझा बाबा ऐकू आला आणि तू नाही. फोन वाजतो तेव्हा मी न्हाणीघरात नसते, त्याच्या शेजारी बसलेली असते. एक्स्चेंजबाईला ऐकू येत नाही, हे काय कोणाला सांगण्यासारखं आहे? सुतार आपलं बोट कापल्याचं कधी मिरवतो का?

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. कानात घालायचं यंत्र महिनाअखेर मिळेल. तोवर थांब. बँडवाल्यांना सांग की आत्याची तब्येत बरी नाही. हे खोटं होणार नाही.

तुझी
आत्या

२६ ऑक्टोबर

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. या वेळी आठही अंगं. गुडघा बरा आहे आणि विषयही तसा आहे.

थांबलो नाही.

थांबणार होतो. मग तुझी सगळी पत्रं ओळीने लावून वाचली. तू महिनाभर ज्या गाण्यांसाठी लोकांशी भांडलीस ती मी गायलेलीच नव्हती. आणि मी गायलेली तू ऐकलेलीच नव्हतीस. तरी मी मात्र तुझ्या एका वाक्यावर घसा तपासून आलो, हातोड्याला बहुतेक येतो म्हणून आलो. तेव्हा मनात आलं, मी मोकळा गायलो होतो हे मला गाताना माहीत होतं. खुर्ची कुरकुरली तेव्हाही माहीत होतं. मग मी हे विचारतोय कोणाला?

परवा बँडवाल्यांकडे गेलो आणि येत नाही म्हणून सांगितलं. वाईट वाटलं, मलाही आणि त्यांनाही. हातोडा गुडघ्यावर ठेका धरून बसला. मग म्हणाला, "तुझा तो एकट्याचा कार्यक्रम कधी आहे? मी समोर बसू की मागे?" मी म्हटलं, मागे बस, पण काठ्या घरी ठेव. तो म्हणतो नुसत्या बोटांनी वाजवीन. गुडघ्याचा सराव झालाच आहे.

कार्यक्रम डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आहे. छोटी खोली, साठ खुर्च्या. पुढची एक तुझी. तीसुद्धा कुरकुरते, मी बसून पाहिली.

तुझं मत न घेता ठरवलं. रागव.

तुझा
भोंगा

४ नोव्हेंबर

चि. भोंगा,

रागावले. तुझं पत्र आलं त्या सकाळी एक पोस्टकार्ड तिकीट चिकटवून तयार होतं, "थांब, यंत्र आलं" असं लिहिलेलं. तिकीट फुकट गेलं. तुला वाढवताना मला एका गोष्टीची आशा नेहमी होती, की एक दिवस तू मला न विचारता काहीतरी करशील. तो दिवस नेमका मी मत द्यायला सज्ज असताना उजाडावा, हा तुझा स्वभाव.

यंत्र चांगलं आहे. वाटाण्याएवढं आहे आणि फार चोंबडं. शेजारीण माझ्याबद्दल काय म्हणते ते आता मला कळतं. ती चुकीची आहे. फ्रीज गातो, हे मला ठाऊक नव्हतं. दूधवाल्याला सांगितलं की ओरडू नकोस, तेव्हा तो दोन पावलं मागे सरकला.

कोणी विचारलं नाही तरी मत देते. ते तुझं नाही, माझं आहे, आणि ते ठेवायला माझ्याकडे जागा नाही. 'दुपार' पंचेचाळीसवर दोनदा ऐकला. चौथं गाणं गाळलं असतंस तर कोणाला कळलंही नसतं. सातव्यात तू एकच गोष्ट तीन वेळा सांगतोस. आम्ही पहिल्यांदाच ऐकली होती. तिसऱ्यात घसरलास, शाळेत घसरला होतास त्याच जागी, आता त्याची मला सोबत वाटते. बाकीचं चांगलं आहे. पाय कुठेही ओढत नाहीस. अनवाणी म्हणाला होतास, ते ऐकू येतं.

आणि दुसऱ्या गाण्यातलं ते हसू. मी ते महिनाभर हुंदका म्हणून ऐकलं, त्यावर सिस्टरांचा उपदेशही पाठवला. यंत्र घालून ऐकलं तेव्हा आधी खुर्ची कुरकुरली, मग तू हसलास. मी सुई उचलून ते पाच-सहा वेळा मागे नेलं. तुझा बाबा असं हसायचा नाही. त्याचं हसू पोटातून यायचं आणि लोकांना दचकवायचं. मी असं हसत नाही, घरात दुसरं कोणी असं हसलेलं मला आठवत नाही. हे तुझं तूच कुठून तरी आणलं आहेस.

जेवण झालं की आता पंचेचाळीसवर लावते. अखेरच्या गाण्याला मात्र खटका मागे नेते, चहापुरता. तुझी तक्रार असेल तर कळव. पत्रच लिहायला पाहिजे असं नाही. फोन कर. मी त्याच्या शेजारीच बसलेली असेन.

तुझी
आत्या